चांगलं रक्त

नोव्हेंबरातली सकाळ होती आणि काम नेहमीचंच होतं. स्तेफानिया मार्कोव्नाने काचेच्या नळ्यांची पेटी गाडीत ठेवली, सुयांचा डबा मांडीवर घेतला आणि ड्रायव्हर त्राखीमला म्हणाली, "चला. धुकं विरायची वाट बघत बसलो तर दिवस इथेच बुडेल."

जायचं होतं सिवालूगला. पोलेसियाच्या दलदलीतलं, पाइनच्या रानाला पाठ टेकून बसलेलं गाव. तिथल्या माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे होते. खरं तर ते सप्टेंबरातच घेऊन झाले होते, पण जिल्हा इस्पितळाचे मुख्य डॉक्टर अर्कादी पिलीपाविच यांना ते आवडले नव्हते. हो, आवडले नव्हते. त्यांनी हाच शब्द वापरला होता.

"यात लिम्फोसाइट कुठे आहेत?" सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत त्यांनी विचारलं होतं.

"तेच तर सांगतेय. नाहीयेत. असल्या तरी नावाला."

लिम्फोसाइट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या सगळ्यात शहाण्या. आपलं कोण, परकं कोण हे ओळखणाऱ्या. एकदा अंगात शिरून गेलेल्या रोगाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या. किरणांचा मारा बसला की बाकीच्या पेशी तग धरायची धडपड तरी करतात. या करत नाहीत. आतल्या आत आवराआवर करतात आणि आपला आपण जीव देतात. स्तेफानियाने काचपट्टीवर ते पाहिलं होतं. पेशीच्या पोटातलं गोल, जांभळं बीज आक्रसून काळं पडतं, मग त्याचे बारीक मणी होतात, आणि मग तिथे काही उरत नाही. वीस वर्षं ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त बघत होती, पण एका अख्ख्या गावाच्या रक्तात हे घडताना तिने त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

"लोकांना आजार नाही, धास्ती आहे," अर्कादी पिलीपाविच म्हणाले होते. "एप्रिलात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हापासून कुणाला शिंक आली तरी किरणं! परत जा, नीट सुई टोच, आणि मला चांगलं रक्त आणून दे."

"चांगलं रक्त मी कुठून आणू? ते काय डेअरीत मिळतं?"

"मिळतं, बाई. जीभ ताब्यात ठेवणाऱ्याला सगळं मिळतं."

हे आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आताही गेली. सुयांचा डबा तिने इतका आवळून धरला की त्राखीमने तिरक्या डोळ्यांनी पाहिलं.

"मार्कोव्ना, डबा चेपेल."

"चेपू दे."

गावाच्या अलीकडे एक ओढा लागतो. ओढ्याअलीकडची वस्ती मे महिन्यातच उठवली होती. घरांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात मोकाट गवत. ओढ्याच्या पलीकडे सिवालूग, ते नकाशावर 'स्वच्छ' होतं. पुलावर त्राखीमने गाडी हळू केली आणि दोन्ही काठांकडे बोट दाखवलं.

"आपल्याकडचा वारा फार शिकलेला बघा. नकाशा वाचून वाहतो. ओढा आला की थांबतो, टोपी काढतो आणि मागे फिरतो."

ती हसली नाही. धुक्यात रानाचा काठ दिसत होता. पाइनची झाडं उन्हाळ्यात तांबडी पडली होती, गंजल्यासारखी. ती तोडून, खड्ड्यांत पुरून त्यावर वाळू ओढायला याच गावचे ट्रॅक्टरवाले नेले होते. तोंडाला फडकंसुद्धा न देता.

शाळेच्या दालनात माणसं जमली होती. ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. बायकांनी तिला पाहताच तोंडं वाकडी केली.

"परत आलात? मागचं सगळं पिऊन टाकलं वाटतं?"

"आमच्या गाईचं दूध चालत नाही म्हणता, मग आमचं रक्त कसं चालतं हो डॉक्टरीणबाई?"

स्तेफानिया खाली मान घालून सुया टोचत राहिली. एका बाईचं तोंड आलेलं, ते महिनाभर बरं होत नव्हतं. एका माणसाचं साधं खरचटलेलं कोपर चिघळून हिरवं झालेलं. या सगळ्यांच्या कागदावर वरून एकच निदान यायचं: मनाची कमजोरी.

दुपारपर्यंत दालन रिकामं झालं. ती सामान आवरायला लागली, तेव्हा खुर्ची करकरली.

एक तरणा माणूस येऊन बसला होता. बाही आधीच वर केलेली. अंगाला पाइनच्या डिंकाचा वास येत होता, गोडसर, आणि त्याखाली ओल्या राखेचा. शाळेतली शेगडी ढणढण पेटलेली होती, तरी तो बसल्यावर तिच्या पायांना एकदम गारठा झोंबला.

"नाव?"

"प्रोकोप. मागल्या वेळी तुम्हीच घेतलं होतं."

हात थंड होता. शीर लगेच सापडेना. सापडली तेव्हा रक्त आलं ते सावकाश, काळपट, जणू वर यायची इच्छा नसल्यासारखं. नळी भरली. तिच्या बोटांना ती बर्फासारखी लागली.

तो खोकला. कोरडा, खोल खोकला. आधी दोन ठसके, मग मोठा श्वास, मग एक.

"या वेळी... खरं लिहाल ना?" त्याने विचारलं.

"माझ्या हातात आहे तेवढं मी लिहिते."

"तुमच्या हातात..." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आणि त्यांच्या हातात?"

ती नळीवर चिठ्ठी चिकटवायला वळली. परत वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. दार वाजलं नव्हतं. गेला असेल, ती स्वतःशी म्हणाली. पेटी उचलून बाहेर आली.

गाडीपाशी एक म्हातारी उभी होती. काळा रुमाल, हातात बादली. त्राखीम टोपी काढून तिच्यासमोर उभा होता, आणि त्राखीम असा कुणासमोर टोपी काढत नसे.

"मी प्रास्कोव्या," म्हातारी म्हणाली. "ट्रॅक्टरवाल्याची आई. माझ्या मुलाचं रक्त घ्यायला आलात? उशीर केलात, बाई. महिना झाला त्याला पुरून."

"कोणत्या... मुलाचं?"

"मला एकच होता. प्रोकोप."

स्तेफानियाने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. झाकणातूनही गारवा जाणवत होता.

"त्याला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या," म्हातारी सांगत होती. "सगळ्या अंगावर. मीच तर राख लावून उतरवल्या. एकदा आल्या की परत येत नाहीत ना? मग कशा आल्या? कमरेवर नागीण उठली, मग तोंडात, मग घशात. शेवटी नुसता खोकायचा. तुमचे मोठे डॉक्टर आले, दारातूनच बघून गेले. दारू पिऊन गारठला असं लिहिलं. माझा मुलगा दारू प्यायचा नाही, बाई! त्याला वासानेच उलटी यायची. अख्ख्या गावाला विचारा!"

कांजिण्याच नागीण होऊन परत का आल्या, ते स्तेफानियाला ठाऊक होतं. चेहरा लक्षात ठेवणाऱ्या पेशीच मेल्या होत्या. चोर वर्षानुवर्षं घरातच दडून बसलेला, आणि त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

"चला, दाखवते," प्रास्कोव्या म्हणाली.

गावामागच्या स्मशानात क्रुसांना रिवाजाप्रमाणे कशिद्याचे टॉवेल बांधलेले होते, धुक्याने भिजून जड झालेले. एकाचे रंग अजून ताजे होते. त्याखालची वाळू पिवळी, सपाट. कुणी हलवलेली नव्हती. स्तेफानिया तिथे उभी राहिली आणि तिच्या नाकाला पुन्हा तोच वास आला... डिंक, आणि डिंकाखाली राख.

परतीच्या वाटेवर तिने पेटी उघडली. नळी होती. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं. पुलावर त्राखीम हलकेच म्हणाला, "मार्कोव्ना, तुम्ही आवरत होतात तेव्हा मी दारातच बिडी ओढत होतो. आत कुणी गेलं नाही. बाहेरही कुणी आलं नाही."

"मला माहीत आहे."

"मग आत तुम्ही बोलत कुणाशी होतात?"

तिने नळी परत पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या काचपट्ट्या रंगवल्या. गावाचं रक्त सप्टेंबरापेक्षा वाईट होतं. शेवटी तिने प्रोकोपची पट्टी लावली. पट्टीभर लिम्फोसाइट. गोल, टपोऱ्या, जांभळ्या, एकीला एक लागून. असं निरोगी रक्त तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सप्टेंबरातली त्याची पट्टी काढून तिने ताडून पाहिली. त्यात शोधूनही एक पेशी सापडत नव्हती.

अर्कादी पिलीपाविच ती पट्टी बघून खुलले. "पाहिलंस? ट्रॅक्टरवाला! रानात राबलेला माणूस, आणि रक्त घोड्यासारखं! मी म्हणत होतो की नाही?"

"तो मेला आहे."

"काय?"

"महिना झाला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तुमची सही आहे."

तिला वाटलं, आता तरी माणसाला लाज वाटेल. पण त्यांनी पट्टीची कड रुमालाने पुसली, डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली.

"चिठ्ठी चुकली असेल तुझी. असो. पुढच्या आठवड्यात समिती येतेय, तिला हेच दाखवू."

"मेलेल्याचं रक्त दाखवून जिवंतांना त्या गावात ठेवणार?"

"आवाज खाली!" ते म्हणाले. "एका गावाला हलवलं की दहा गावं रांगेत उभी राहतात. मला वर उत्तर द्यावं लागतं, तुला नाही."

समिती आली त्या दिवशी धुकं नव्हतं. लख्ख ऊन, बर्फाची पातळ साय. गावच्या क्लबात मंचावर लाल कापड टाकलेलं टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक. खाली सगळं गाव. अर्कादी पिलीपाविच तासभर बोलले. रक्त उत्तम आहे म्हणाले. भीती हाच रोग आहे म्हणाले. समितीच्या लोकांना त्यांनी ती पट्टी दाखवली, आणि तिघांनी आळीपाळीने डोळा लावून समाधानाने मान हलवली.

"उन्हाळ्यापासून मी इथलंच दूध पितो, इथलीच अळंबी खातो," ते छातीवर हात मारून म्हणाले. "मला काय झालंय?"

"मग तुमचं काढा की!" मागून बायका ओरडल्या. "आमच्यासमोर! आमचं दोनदा काढलंत!"

सभेत हशा पिकला. अर्कादी पिलीपाविचही हसले, कोट काढला, बाही वर केली आणि खुर्चीत बसले. "घे स्तेफानिया. होऊन जाऊ दे."

तिने दंडाला रबरी नळी बांधली. हात थंड लागला. वरून ऊन येत होतं, शेगडी जळत होती, तरी हात थंड... रक्त सावकाश वर आलं. काळपट.

पट्टी रंगवून वाळेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग स्तेफानियाने डोळा लावला. तांबड्या पेशी होत्या. बाकी काही नव्हतं. तिने पट्टी सरकवली, पुन्हा सरकवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. एकही नाही. फक्त कडेला काही काळे मणी, नुकत्याच जीव दिलेल्या पेशींचे.

"काय गं?" त्यांनी हसत विचारलं. "मोजायला वेळ लागतोय?"

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

त्यांनी पाहिलं. कसाही असला तरी तो माणूस डॉक्टर होता, आपण काय बघतोय हे त्याला कळत होतं. त्यांच्या डोळ्यांतलं हसू आधी गेलं, मग ओठांवरचं.

"पट्टी बदललीस तू."

"सगळ्यांसमोर?"

"दुसऱ्या हातातून घे! लवकर!"

तिने दुसऱ्या हातातून घेतलं. तेच निघालं. समितीचा एक माणूस उठून खिडकी उघडू लागला. म्हणाला, इथे डिंकाचा वास फार येतोय. अर्कादी पिलीपाविच बोलायला उभे राहिले आणि त्यांना खोकला आला. आधी दोन ठसके, मग मोठा श्वास, मग एक.

तेव्हा पहिल्या रांगेतली प्रास्कोव्या उठली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या खुर्चीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि तिचा आवाज तापलेल्या पोराची समजूत घालावी तसा होता.

"पुरे झालं रे, प्रोकोप... चल. घरी चल."

म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. खुर्चीशेजारची फळी एकदा करकरली, मग दाराजवळची. दार उघडलं गेलं नाही.

पुढे जे झालं त्याने स्तेफानियाला भुतापेक्षा जास्त हादरवलं. दुपार व्हायच्या आत हेलिकॉप्टर आलं. गावातली माणसं महिनोन्महिने गाडीसाठी विनवण्या करत होती, आणि या एका माणसासाठी आकाशातून यंत्र उतरलं! त्यांना मॉस्कोला नेलं. काचेची खोली, गाळलेली हवा, उकळलेल्या चादरी, दुसऱ्याच्या हाडातला मगज देण्याची तयारी. किरणांमुळे पेशी मरतात हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर काय करायचं तेही ठाऊक होतं. ठाऊक नाही असं फक्त सिवालूगला सांगितलं जात होतं. आणि समितीने जाताना मत दिलं: मुख्य डॉक्टरांचं प्रकरण वेगळं आहे, त्याचा गावाशी संबंध नाही.

"संबंध नाही!" ती त्राखीमपुढे ओरडली. "त्यांच्या डोळ्यांना डोळे म्हणायचे की बटणं?"

"बटणंच," त्राखीम म्हणाला. "तीसुद्धा वरून शिवून दिलेली."

तिने पाहिलं ते सगळं लिहून स्वतःच्या नावाने राजधानीला धाडलं. उत्तर म्हणून तिलाच विश्रांतीची गरज आहे असं कळवण्यात आलं. ती विश्रांतीला गेली नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला.

"स्तेफानिया..." आवाज अर्कादी पिलीपाविचचा होता, पण आतून पोखरलेला. "लिही. मी सही करतो. गावाबद्दल सगळं खरं लिही. फक्त याला इथून घेऊन जा."

"कोणाला?"

"माझ्या खोलीत खोकतोय. इथे कुणालाच आत येऊ देत नाहीत, काचेच्या बाहेरून बोलतात... आणि हा पलंगाच्या कडेला बसून खोकतो. आता तो एकटा नाहीये."

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. त्यांच्या आवाजामागे खोकला ऐकू येत होता. प्रोकोपचा तिने लगेच ओळखला. मग आणखी एक, बाईचा. मग एक घोगरा, म्हातारा. या दोघांना तिने डिसेंबरात मातीआड जाताना पाहिलं होतं. आणि त्यांच्या मागून, अगदी बारीक... एका मुलाचा.

"ते मूल कोण आहे?" तिने विचारलं. "अर्कादी पिलीपाविच! ते मूल कोण?"

"मूल?" ते म्हणाले. "मूल नाही इथे..."

बारीक खोकला पुन्हा आला. या वेळी फोनच्या अगदी जवळून.

सिवालूगमध्ये तोवर एकही मूल दगावलं नव्हतं.

तिने कोट अर्धा घातला आणि अंगणात धावली. "त्राखीम, गाडी काढ! परवानगी नाही, काही नाही. सगळी मुलं आजच बाहेर काढायची!"

"मी केव्हाचा वाट बघतोय तुम्ही हे म्हणण्याची," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

शाळेत मुलं होती. तिने त्यांना रांगेत उभं केलं, आणि प्रत्येकाच्या छातीला कान लावून म्हणाली, "खोक बघू, बाळा." मुलांना गंमत वाटली, ती मुद्दाम जोरजोरात खोकली. ती शेवटच्या मुलापर्यंत गेली. त्या आवाजाशी जुळणारा खोकला एकाचाही नव्हता. ती बाकावर टेकली, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

मुलं गाडीत चढू लागली. बर्फ पडायला लागला होता. नव्याने रुजू झालेली मास्तरीण, हान्ना, त्यांच्या टोप्या नीट करत दारात उभी होती. शालीखाली तिचं सातव्या महिन्याचं पोट दिसत होतं.

"डॉक्टरीणबाई, एक विचारू?" ती संकोचून म्हणाली. "दुपारपासून पोटात सारखं काहीतरी हलतंय. लाथा नाहीत... हिसके."

"उचकी असते ती," स्तेफानिया म्हणाली. "पोटातल्या बाळाला उचकी लागतेच. घाबरायचं कारण नाही. गाडीत बसा, तुम्हीही चला."

हान्नाने तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. स्तेफानियाच्या तळव्याला ते लागलं.

आधी दोन. मग बराच वेळ काही नाही. मग एक.